आपली विनंती हॉटेलला कळवण्यात आली आहे

"सर, लहान मुलांकडे लक्ष ठेवायला पाहिजे."

हे वाक्य मला एका हॉटेलच्या रिसेप्शनवर सकाळी सव्वासात वाजता ऐकवण्यात आलं. ऐकवणारा मुलगा माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल, टाय वगैरे व्यवस्थित. वाईट हेतूने बोलला असं मुळीच नाही. पण त्या वाक्यावर मी जो गप्प झालो तो पुण्यात घरी पोचेपर्यंत गप्पच होतो. नंतर दोन-तीन वीकेंड विचार केला, थोडं वाचलं, थोडं स्वतःच्या कामाकडेही वळून पाहिलं, आणि आता एकदाचं लिहून टाकतोय. राग आहे, पण त्या मुलावर नाही. कोणावर आहे ते पुढे कळेलच.

आधी काय झालं ते सांगतो.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही महाबळेश्वरला गेलो. आम्ही म्हणजे सहा जण. मी, बायको, चार वर्षांची मुलगी, दहा महिन्यांचा मुलगा आणि माझे आई-बाबा. (हो, मी एकोणतीस वर्षांचा आहे आणि मला दोन मुलं आहेत. टीममधली मंडळी अजून बाइकवरून लडाखला जातात आणि माझ्याकडे सहानुभूतीने बघतात. बघा, बघा. तुमचीही वेळ येणार आहे.)

बुकिंग मीच केलं, रात्री अकरा वाजता, एका हाताने, कारण दुसऱ्या हातावर बाळ झोपलं होतं. साइटने सगळं नीट विचारलं. मोठे किती? चार. मुलं किती? दोन. त्यांची वयं? चार आणि शून्य. लगेच खाली हिरव्या अक्षरात आलं: पाच वर्षांखालील मुले विनामूल्य, वेगळ्या बेडशिवाय. शेजारी लाल अक्षरात: फक्त २ खोल्या शिल्लक! दोनच हव्या होत्या. सगळ्यात शेवटी एक चौकोन होता, "काही विशेष विनंती?" मी त्यात अगदी शाळेतल्या अर्जासारखं लिहिलं: दोन खोल्या कनेक्टिंग असाव्यात, ते शक्य नसेल तर निदान शेजारी शेजारी. सोबत ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलं आहेत. बाळासाठी पाळणा हवा.

पैसे गेले आणि मेल आला. "आपली विनंती हॉटेलला कळवण्यात आली आहे. ती उपलब्धतेवर अवलंबून राहील."

मी इंजिनियर माणूस, त्यामुळे अशा वाक्यांवर माझा विश्वास नसतो. (मी स्वतः अशी वाक्यं लिहिलेली आहेत. त्याबद्दल पुढे.) म्हणून दुसऱ्या दिवशी हॉटेलला फोन केला. पलीकडून अतिशय गोड आवाजात उत्तर आलं, "हो सर, होऊन जाईल." निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन केला. आवाज वेगळा, उत्तर तेच. "होऊन जाईल सर, डोंट वरी."

जरा या दोन वाक्यांकडे बघा. "कळवण्यात आली आहे." "होऊन जाईल." दोन्हीत कर्ताच नाही. कोणी कळवली? कोणाला? कोण करणार? शाळेत प्रयोग शिकवताना बाईंनी सांगितलं होतं की कर्त्याला लपवायचं असेल तर मराठीत भरपूर सोय आहे. ती सोय कोणाच्या उपयोगाला येते हे त्या वयात कळत नाही, एवढंच.

असो. सुरूर फाटा, वाई, पसरणीचा घाट (घाटात मुलीची एक उलटी, ठरलेल्या वळणावर), पाचगणीचं ट्रॅफिक असं करत दीडला पोचलो. चेक-इन दोनला. किल्ल्या मिळाल्या तीन चाळीसला. एक किल्ली १०४ नंबरची, मुख्य इमारतीत, तळमजला. दुसरी डी-७ची. ही डी-७ मागच्या नव्या इमारतीत. मधे पार्किंग, मग उतार, मग चौदा पायऱ्या. मी मोजल्या.

"सर, आज हाउसफुल आहे. विनंती होती, पण कन्फर्म नव्हती ना."

बरोबर आहे. विनंती होती.

बाबांचे गुडघे धड नाहीत, म्हणून १०४ आई-बाबांना आणि डी-७ आम्हा चौघांना असं ठरलं. डी-७मधला डबल बेड म्हणजे दोन सिंगल बेड जोडून वरून एक चादर ओढलेली. मधे फट. ज्यांना मुलं नाहीत त्यांना ही फट दिसतसुद्धा नाही. ज्यांना दहा महिन्यांचं बाळ आहे त्यांना त्या खोलीत फटीशिवाय दुसरं काही दिसत नाही. पाळणा? "आहे ना सर, पण तो ऑलरेडी दुसऱ्या रूमला गेलाय." एक्स्ट्रा गादी? मिळेल, रात्रीचे नऊशे रुपये. म्हटलं आणा. ती आली साडेदहाला आणि जमिनीवर जी एकमेव जागा मोकळी होती तिथे टाकली गेली, म्हणजे बाथरूमचं दार आणि बाहेरचं दार यांच्यामधे. नोव्हेंबरातली महाबळेश्वरची रात्र, दाराखालून येणारा वारा, आणि त्या वाऱ्याच्या बरोबर तोंडावर गादी.

इथपर्यंत हा नेहमीचा किस्सा आहे. तुमच्याकडेही असा एखादा असेलच. आपण घरी येतो, दोन स्टार देतो, चार ओळी खरडतो आणि विसरतो. मीही विसरलो असतो.

मुलीने गादी बघितली आणि जाहीर केलं, "मी आजीकडे झोपणार." आम्हालाही ते बरंच वाटलं. मी तिला पार्किंग ओलांडून १०४मध्ये सोडून आलो.

रात्री सव्वादोनच्या सुमारास तिला जाग आली. अर्धवट झोपेत तिला आई हवी होती. घरी आमची खोली तिच्या खोलीपासून सहा पावलांवर आहे, मधलं दार उघडं असतं, ती रोज रात्री उठून येते. इथेही तिने तेच केलं. आई-बाबा दिवसभराच्या प्रवासाने गाढ झोपलेले. हॉटेलच्या दाराची दांडी आतून खाली दाबली की दार उघडतं. तसंच असायला हवं, आग लागली तर किल्ली शोधत बसता येत नाही. ती बाहेर पडली, दार मागे आपोआप बंद झालं आणि ते बाहेरून उघडत नाही.

चार वर्षांची मुलगी, अनवाणी, हातात कापडी हत्ती, अंधाऱ्या पार्किंगमध्ये. तिथे गाड्या रात्रीही येत होत्या, हाउसफुल होतं ना.

वॉचमन काकांना ती पायऱ्यांजवळ दिसली. त्यांनी विचारलं, खोली नंबर काय बाळा? तिला वीसपर्यंत अंक येतात, पण डी-७ येत नाही. ती म्हणाली, "आई वर आहे." काका तिला रिसेप्शनवर घेऊन गेले. आता मी जे लिहितोय ते नीट वाचा, कारण माझा सगळा मुद्दा इथे आहे.

रात्रपाळीच्या मुलाने रजिस्टर काढलं. हे मूल कोणत्या खोलीतलं हे शोधायला. आणि रजिस्टरमध्ये ते मूल नव्हतं. १०४: दोन ॲडल्ट. डी-७: दोन ॲडल्ट. आमची दोन्ही मुलं विनामूल्य, वेगळ्या बेडशिवाय. त्यांचे पैसे नाहीत, म्हणून बिलात ओळ नाही. बिलात ओळ नाही, म्हणून रजिस्टरमध्ये नाव नाही. हॉटेलच्या लेखी त्या रात्री माझी मुलगी तिथे राहतच नव्हती.

शेवटी सिस्टमने नाही, वॉचमन काकांच्याच डोक्याने काम केलं. संध्याकाळी त्या चौदा पायऱ्यांवरून आमची बाबागाडी चढवायला त्यांनीच हात दिला होता. त्यांना आठवलं. त्यांनी डी-७चं दार वाजवलं. सगळं मिळून वीस मिनिटं. मुलगी रडलीसुद्धा नव्हती, ती दारातच रडली, आईला बघून. माझी आई अजून स्वतःला दोष देते. मी कितीही सांगितलं तरी देते.

आणि सकाळी मला ऐकायला मिळालं: लहान मुलांकडे लक्ष ठेवायला पाहिजे.

मान्य. पाहिजेच. पण लक्ष ठेवायला माणूस मुलाच्या जवळ असावा लागतो, आणि मी नेमकी तेवढीच गोष्ट मागितली होती. लेखी एकदा, तोंडी दोनदा.

आता या सगळ्याच्या मागे काय चालतं ते सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा समज असा असतो की आपण खोली बुक करतो. आपण खोली बुक करत नाही. आपण एका प्रकारातला एक आकडा कमी करतो. हॉटेलच्या सिस्टममध्ये "डिलक्स" नावाचा प्रकार असतो, त्यात समजा वीस खोल्या. तारखेनुसार त्या विसातले किती शिल्लक, एवढाच आकडा वेगवेगळ्या साइट्सवर फिरत असतो. तुम्ही बुक केलं की वीसचे एकोणीस. नक्की कोणती खोली हे बहुतेक वेळा तुम्ही येण्याच्या आदल्या रात्री किंवा त्याच दिवशी रिसेप्शनवरचा माणूस ठरवतो. म्हणून साइटला "फक्त २ खोल्या शिल्लक" हे क्षणाक्षणाला माहीत असतं, पण त्या दोन खोल्या एका मजल्यावर आहेत की मधे एक पार्किंग आहे, हे माहीत नसतं. तो प्रश्नच तिला कोणी विचारलेला नाही.

आणि मुलांचं वय? ते तर विचारलं होतं! अगदी ड्रॉपडाउन देऊन. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. वय घेतलं जातं ते फक्त किंमत काढायला. चार वर्षं म्हणजे शून्य रुपये, सहा असती तर अमुक, बारा असती तर तमुक. किंमत काढली की त्या आकड्याचं काम संपलं. खोली देताना तो कोणी बघत नाही. "यांच्याबरोबर चार वर्षांचं मूल आहे, यांना दोन टोकांच्या खोल्या देऊ नका" असं सांगणारी ओळ त्या सबंध प्रोग्राममध्ये कुठेही नाही. तुमचं मूल किती रुपयांचं हे हॉटेलला पैशापर्यंत माहीत असतं. ते कुठे झोपणार हे माहीत नसतं.

मग तो विनंतीचा चौकोन कशासाठी? इथे मला कबुली द्यायची आहे. असा चौकोन मी स्वतः बनवलेला आहे. हॉटेलसाठी नाही, एका गोदामाच्या सॉफ्टवेअरसाठी. क्लायंटला हवं होतं की काही खोकी एकमेकांपासून तोडायची नाहीत, एकाच गाडीतून गेली पाहिजेत. आम्ही हिशोब केला. सिस्टमला हा नियम खरोखर शिकवायचा तर तीन आठवडे. "शेरा" नावाचा एक मजकुराचा रकाना द्यायचा तर अर्धा दिवस. काय दिलं असेल ते ओळखा. "युजर रिमार्क्समध्ये लिहू शकतो" असं लिहून मी टिकेट बंद केलं, आणि त्या दिवशी लवकर घरी गेलो. तो शेरा कोण वाचतं, वाचल्यावर काय करतं, नाही वाचला तर काय होतं, यातलं काहीही मी विचारलं नाही. च्यायला, विचारायला हवं होतं.

मजकुराचा रकाना म्हणजे आपल्या धंद्यातली "होऊन जाईल" आहे. मागणाऱ्याला वाटतं ऐकलं गेलं. बनवणाऱ्याला वाटतं दिलं. आणि कोणावरही काहीही बंधन येत नाही.

आता लोकांचे आक्षेप. हा किस्सा मी ऑफिसात आणि नातेवाइकांत सांगितला तेव्हा तीन हमखास ऐकू आले.

पहिला: "एवढी लहान मुलं घेऊन कशाला फिरायचं?" हे म्हणणारे बहुधा दोन प्रकारचे. ज्यांना मुलं नाहीत ते, आणि ज्यांची मोठी झाली आहेत ते. यावर एकच उत्तर आहे. त्याच हॉटेलच्या जाहिरातीत हिरवळीवर धावणारी दोन मुलं आहेत, आई-वडील आहेत, पांढऱ्या केसांचे आजी-आजोबासुद्धा आहेत. फॅमिली हॉलिडे म्हणून विकायचं आणि फॅमिली आली की कशाला आलात म्हणायचं, हे चालणार नाही.

दुसरा: "पैसे वाचवायचे तर असंच होणार." मी पैसे वाचवत नव्हतो. कनेक्टिंग खोल्यांचे हजार रुपये जास्त मागा, मी देतो. अडचण अशी आहे की ते विकायलाच नाहीत. आणि कमी पैशातसुद्धा हे जमतं. जानेवारीत आम्ही दापोलीजवळ एका घरगुती ठिकाणी गेलो. फोन उचलल्यावर काकूंचा पहिला प्रश्न, "मुलं आहेत का? केवढी?" भाडं नंतर. मग म्हणाल्या, "मग तुम्हाला पडवीला लागूनच्या दोन खोल्या देते, मधलं दार उघडं ठेवा. गाद्या खालीच घालू, पडायची भीती नको." तिथे बाथरूम मागच्या अंगणात होती आणि गरम पाणी बंबातून बादलीने आणावं लागत होतं, तेव्हा मी काही कोकणाची आरती ओवाळत नाहीये. पण काकूंच्या वहीत आमच्या नावापुढे लिहिलेलं मी स्वतः पाहिलं: मोठे ४, लहान २, पुढे कंसात दोघांची वयं. दोन्ही मुलं वहीत होती. पैसे त्यांचेही घेतले नाहीत.

तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो हॉटेलवाल्यांचा आहे: "गॅरंटी देता येत नाही. आधीच्या गेस्टने मुक्काम वाढवला तर? एसी बिघडला तर? जोडीतली एक खोली अडवून ठेवली आणि दुसरी विकलीच गेली नाही तर?" यातली प्रत्येक अडचण खरी आहे. जोडीतली एक खोली कोणाला दिली की ती जोडी त्या रात्रीपुरती मोडते, हा हिशोब सांभाळणं सोपं नाही. पण "सोपं नाही" आणि "होत नाही" यांत फरक आहे, आणि तो फरक भरून काढण्यासाठीच आपल्याला पगार मिळतो.

विमानाचं उदाहरण घ्या. विमानातही आयत्या वेळी विमान बदलतं, सीटा हलतात. तरी एप्रिल २०२४मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, विमान कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याच पीएनआरवरच्या किमान एका पालकाबरोबर सीट मिळालीच पाहिजे, आणि त्याची नोंदही ठेवायची. विमान म्हणजे काय, तर दोन तासांची बंद नळी. सगळे जागे, दिवे चालू, दार उघडून बाहेर जाणं अशक्य. तिथे मूल पालकाजवळ हवं हा नियम आहे. आणि हॉटेल म्हणजे अख्खी रात्र, सगळे झोपलेले, दार चार वर्षांच्या मुलाला उघडता येणारं. तिथे मात्र "उपलब्धतेवर अवलंबून".

रेल्वे घ्या. रेल्वेला आपण उठसूट शिव्या देतो, पण मूल कुठे झोपणार हा प्रश्न तिने स्वतःला विचारलेला आहे. पाच वर्षांखालचं मूल फुकट, पण बर्थ नाही. पाच ते बारा, बर्थ हवा असेल तर २०१६पासून पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. पटो न पटो, तिकीट काढतानाच स्पष्ट कळतं की मुलाला काय मिळणार आणि काय नाही. २०२२च्या मे महिन्यात लखनौ मेलमध्ये आईच्या बर्थला जोडलेला छोटा घडीचा बर्थसुद्धा प्रयोग म्हणून लावून पाहिला होता. आणि आपली एसटी! तिच्या ऑनलाइन रिझर्वेशनमध्ये सीट नंबर मिळतो. आई खिडकीत, मूल शेजारी, हे मी माझ्या मोबाइलवरून ठरवू शकतो. एका रात्रीचे सहा हजार घेणाऱ्या हॉटेलात ठरवू शकत नाही.

बरं, हे हॉटेलात होतच नाही असंही नाही. हिल्टन साखळीने २०२१मध्ये बुकिंग करतानाच कनेक्टिंग खोल्या पक्क्या करून देण्याची सोय सुरू केली. विनंती नाही, बुकिंग. म्हणजे तांत्रिक अडचण हा मुद्दा निकालात निघाला. उरतो तो इच्छेचा मुद्दा. आणि इच्छा कशी असेल? "विनंती" या शब्दात धंद्याची केवढी सोय आहे बघा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. ३० नोव्हेंबर २०२३ला निघालेल्या डार्क पॅटर्नच्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई दाखवून विकण्यापासून तेरा युक्त्यांना मनाई आहे. पण माझ्या हातात कागद कोणता? "आपली विनंती कळवण्यात आली आहे." कळवली होती. खोटं कोणीच बोललं नाही. मी मात्र ते बुकिंगइतकंच पक्कं समजून आई-बाबांना सांगितलं होतं की काळजी करू नका, शेजारी शेजारी खोल्या आहेत.

मला काय हवंय? फार नाही. तीन गोष्टी.

एक, मूल रजिस्टरमध्ये लिहा. पैसे घ्या किंवा घेऊ नका, पण कोणत्या खोलीत कोण आहे, वय काय, हे लिहा. याला सॉफ्टवेअर लागत नाही, पेन लागतं. उद्या खरंच आग लागली तर मोजणी कशावरून करणार? त्या रात्री आमच्या दोन खोल्यांत मिळून सहा जीव होते आणि वहीत चार.

दोन, एकत्र खोल्या हा पर्याय एक तर विका, नाही तर नाही म्हणा. "नाही" हे उत्तर मला चालतं. नाही म्हटलं असतं तर मी दुसरं हॉटेल बघितलं असतं, किंवा आई-बाबांबरोबर मी आणि बायकोबरोबर मुलं असं काहीतरी आधीच ठरवलं असतं. घात होतो तो मधल्या "होऊन जाईल"ने.

तीन, चार माणसांच्या खोलीत चार माणसांना झोपायची जागा किती, हे सांगा. फोटोत समुद्र, डोंगर, टॉवेलचा हंस सगळं असतं. बेड जोडलेला आहे की सलग आहे हे कुठेही लिहिलेलं नसतं. पाळणा एकच असेल तर एकच आहे म्हणा आणि तो बुकिंगला जोडा. ज्या सिस्टमला वीस खोल्या मोजता येतात तिला एक पाळणा मोजता यायला हरकत नसावी.

आणि तोपर्यंत तुम्ही काय करायचं? मी आता करतो ते सांगतो. साइटवर बघतो, पण पैसे भरायच्या आधी हॉटेलला फोन करतो आणि "शेजारी मिळतील का" असं विचारत नाही. "तुमच्याकडे मधे दार असलेल्या जोड्या किती आहेत, आणि त्यांचे नंबर काय" असं विचारतो. ज्याला नंबर सांगता येतो त्याच्याकडे जोडी खरंच असते. मग तेच नंबर व्हॉट्सॲपवर लिहून मागतो. चेक-इन करताना मुलांची नावं रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहितो. रिसेप्शनवरचा माणूस म्हणतो, "सर, त्यांची गरज नाही." मी म्हणतो, मला आहे. मुलीच्या नाइट सूटच्या खिशात खोली नंबर आणि माझा मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवतो, आणि रात्री दाराच्या दांडीला एक छोटा घुंगरू बांधतो. बायको हसते. हसू दे.

राहता राहिला माझ्या धंद्यातल्या मंडळींचा विषय. हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी माझ्यासारखेच कोड लिहून पोट भरतात. पुढच्या वेळी कोणी क्लायंट म्हणाला की "या दोन गोष्टी एकमेकांपासून तुटल्या नाही पाहिजेत", आणि तुमच्या बोटांवर "रिमार्क्समध्ये लिहा" आलं, तर एक मिनिट थांबा. निदान एवढं तरी विचारा की तो शेरा रात्री सव्वादोनला कोण वाचणार आहे. मी ते गोदामाचं टिकेट सोमवारी पुन्हा उघडलं. मॅनेजर म्हणाला, क्लायंटची तक्रार नाही तर कशाला? अजून भांडतोय. बघू.

आणि बाकीच्यांनी, फोनवर कोणी "होऊन जाईल" म्हणालं, तर शाळेतल्या बाईंची आठवण काढून सरळ विचारा: कोण करणार?